धागा: बॅटरी, मोटर, वायरी सगळं फ्रेमच्या पोटात – हलकी ई-सायकल घडवायची आहे

घाटरस्ता, पुणे

नमस्कार मंडळी,

बरेच महिने एक फ्रेम डोक्यात घोळतेय. आता ती कागदावर इतकी पुढे आली आहे की जाणकारांनी तिची चिरफाड करावी. बॅटरीची सायकल, पण बघणाऱ्याला साधी वाटावी अशी. बॅटरी खालच्या नळीत, मोटर मागच्या चाकात गिअरची कॅसेट आणि ब्रेकची डिस्क यांच्या मधोमध, कंट्रोलर आणि वायरी फ्रेमच्या आत.

आधी वजनाबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही. सोसायटीकडे मागून पाहिला, पण कॉमन मीटरवर कुणी चार्जिंग करायचं नाही असं ठरलंय. म्हणजे सायकल रोज खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर न्यायची. बाजारातल्या वीस-बावीस किलोच्या सायकलीला माझा खांदा नाही म्हणतो. मला १४ किलोच्या आत बसायचंय.

लपवण्याचं कारण नुसतं दिसणं नाही. बाहेरून बांधलेली वायर पावसात, गर्दीत, स्टँडवर शेजारच्या ब्रेकमध्ये कुठे ना कुठे अडकते आणि ओढली जाते. कॅरिअरवरच्या बॅटरीचं वजन मागे आणि उंचावर जातं, ते वळणावर जाणवतं. शिवाय स्टेशनबाहेर उभी केलेली सायकल किमती दिसू नये, हेही आहेच.

सुरुवात सेलपासून केली, बाकी सगळं त्याच्या मापावर ठरतं. २१७०० सेल: व्यास २१ मिमी, लांबी ७० मिमी, वजन ७० ग्रॅमच्या आसपास. ५ अँपिअर-तासाचे वीस सेल, दहा सिरीज, दोन पॅरलल. म्हणजे ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, ३६० वॉट-तास. नुसते सेल १.४ किलो. तीन सेल एकमेकांना चिकटवून त्रिकोणात उभे केले की त्यांच्याभोवतीचं वर्तुळ एका सेलच्या व्यासाच्या २.१५ पट येतं. आवरणासकट सेल साडेएकवीस धरला तर ४६ मिमीच्या थोडं वर. इन्सुलेशन धरून ४७-४८. वीस सेलना असे सात थर लागतात. सात सत्ते ४९, म्हणजे ४९० मिमी, आणि निकेलच्या पट्ट्या, मधले कागद धरून ५२०.

म्हणून खालची नळी ४१३० क्रोमोलीची (क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद), दोन इंची म्हणजे ५०.८ मिमी, जाडी १ मिमी. आतला व्यास ४८.८. नेहमीची ३४.९ मिमी, ०.८ जाडीची नळी ६५ सेंटिमीटरला ४४० ग्रॅम भरते. ही ८०० भरेल.

अडलंय इथे:
– दोन इंची नळी ४४ मिमीच्या हेडट्यूबला (हँडलखालची उभी नळी) जोडायची कशी? नळीच रुंद, कडा दोन्ही बाजूंनी बाहेर येतात.
– पॅक आत घालायचा कुठून? नळीच्या खालच्या अंगाला लांब खिडकी कापून तिला झाकण करायचा विचार आहे.
– मोटरची वायर चेनस्टेमध्ये (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) कुठे शिरवू?
– चार्जिंगचं भोक कुठे ठेवू?

---

रानवाट, नाशिक

वाचनखूण साठवतोय. ३६० वॉट-तास कशासाठी, ते लिहा ना. रोजचं अंतर किती, चढ किती?

---

घाटरस्ता, पुणे

@रानवाट, रोज बोपदेव घाट आणि रविवारी सिंहगड. हिशोब सिंहगडाचा करतो, तो सगळ्यात कठीण. डोणज्याच्या बाजूने गडाचा रस्ता साधारण ६०० मीटर चढतो. मी, सायकल, पाणी मिळून ८५ किलो. ८५ गुणिले ९.८१ गुणिले ६०० म्हणजे ५ लाख ज्यूल, १३९ वॉट-तास. निम्मं काम पायांनी केलं तर मोटरकडे ७० राहतं. मोटर-कंट्रोलरमध्ये तीस टक्के वाया गेले तरी बॅटरीतून १०० जाणार. ३६० म्हणजे परतीचा सपाट रस्ता, समोरचा वारा, बॅटरीचं म्हातारपण असं सगळं धरून मोकळा हात.

---

उद्यमनगर_वेल्डर, कोल्हापूर

भावा, कागद झकास आहे, पण खिडकी कापू नको. आधी तेवढं बोलतो.

एक काम कर. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घे. दोन्ही हातांनी टोकं धरून ओल्या धोतरासारखा पिळून बघ. हलणार नाही. आता करवतीने त्याला लांबीत एक चीर दे आणि पुन्हा पीळ. चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून सरकताना डोळ्यांना दिसतील. पदार्थ तोच, जाडी तीच, फक्त गोल तुटला. सायकलची खालची नळी दिवसभर हेच काम करते. तू उजवा पेडल दाबतोस तेव्हा बॉटम ब्रॅकेट (बीबी, क्रँकचा दांडा बसतो ती जागा) एकीकडे आणि हँडल दुसरीकडे ओढतं, आणि मधली नळी पीळ खाते.

आकड्यात हवं असेल तर पातळ गोल नळीसाठी सूत्र सोपं आहे. अखंड नळी आणि पूर्ण चिरलेली नळी यांच्या पिळाच्या ताठरपणाचं गुणोत्तर त्रिज्या भागिले जाडी, त्याचा वर्ग, आणि त्याची तिप्पट. तुझी त्रिज्या २५, जाडी १. म्हणजे १,८०० पटींहून जास्त फरक. खिडकीला दोन्ही टोकांना बंद भाग असतो, त्यामुळे एवढं नुकसान होत नाही हे खरं. पण ते भरून काढायला कडेने जाड ओठ लावावा लागतो. अॅल्युमिनिअमच्या कारखानदारी फ्रेममध्ये साच्यातच तो ओठ काढतात. आपण लोखंडात पट्टी वेल्ड करून काढणार, म्हणजे वजन आलं, वेल्डची लांबी वाढली, नळी वाकडी व्हायची भीती आली.

माझं मत असं: नळी अखंड ठेव आणि पॅक खालच्या टोकातून सरकव. बीबीचं शेल, म्हणजे ते आडवं नळकांडं, नळीच्या टोकाला लावू नको. नळी शेलच्या पुढून तशीच खाली जाऊ दे, शेल तिच्या पाठीवर बसव. नळी शेलखाली चार-पाच सेंटिमीटर उतरली तरी रस्त्यापासून वीसेक सेंटिमीटर वर राहते, गतिरोधकाला लागत नाही. टोकाला वळवायचं टोपण, गॅस्केट आणि दोन स्क्रू. पॅक खालून आत, खालून बाहेर.

शेल आणि नळीचा सांधा मात्र नुसत्या एका वेल्डवर सोडायचा नाही. चेनस्टेचा जोर शेलमधून नळीत जातो आणि तो आता सरळ रेषेत नाही, बाजूला सरकलाय. दोन्ही बाजूंना दीड मिमीच्या पत्र्याचे छोटे गसेट (आधाराचे तुकडे) दे, टोकं निमुळती कापून. चौकोनी टोकाचा गसेट जिथे संपतो तिथेच तडा सुरू होतो.

---

जुनी_रॅले, डोंबिवली

घाटरस्ता, तुमची तळमळ पोचली. तरी एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात उघडी ठेवली तर काय बिघडतं? १८९५ साली अमेरिकेत ओग्डन बोल्टन या गृहस्थाने विजेच्या सायकलचं पेटंट घेतलं, तेव्हाही मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आणि बॅटरी त्रिकोणात टांगलेली होती. जागा चांगली आहे म्हणूनच लोक आजही तिथे लावतात. बॅटरी चटकन काढून पिशवीत घालून वर न्यायची, सायकल खाली साखळीने बांधायची. तीन मजले सायकल उचलायची वेळच येत नाही. नळी साधी राहते, वजन कमी, खर्च कमी.

---

घाटरस्ता, पुणे

@जुनी_रॅले काका, राग कसला. हा मार्ग सगळ्यात स्वस्त आहे हे मान्य. पण आमच्या पार्किंगमध्ये रात्री सायकल ठेवायची माझी तयारी नाही. चाकात मोटर असलेली तर नाहीच. सायकल वर येणारच आहे, मग बॅटरी वेगळी काढण्याचा फायदा उरत नाही. आणि त्रिकोण मोकळा असला की सायकल खांद्यावर नीट बसते. जिन्यात हात वरच्या नळीखालून घालून खालची नळी धरायची असते, तिथे बॅटरीचा डबा असला की धरायला जागाच नाही.

---

इसारकाठ, म्युनिक

इकडे मी अशीच एक कारखान्यातून आलेली सायकल चालवतो. माहले कंपनीची एक्स३५ प्रणाली, मागच्या हबमध्ये मोटर, २५० वॉट-तासाची बॅटरी खालच्या नळीत कायमची. सगळी प्रणाली मिळून साडेतीन किलोच्या आसपास, मोटरचा टॉर्क ४० न्यूटन-मीटर. वरच्या नळीवर एक बटण, त्याभोवती रंग बदलणारा दिवा, एवढंच बाहेर. रोजच्या वापरात आवडते. बॅटरी मात्र मालकाने काढायची सोय नाही, ती दुकानातच निघते. तुमची खालून निघणारी रचना त्याहून बरी वाटते.

मोटर कुठे लपवायची यावर लोकांनी बरंच करून पाहिलंय. ऑस्ट्रियातल्या ग्रुबर असिस्टची, नंतर व्हिवाक्स असिस्ट नावाने आलेली मोटर सीटट्यूबच्या आत बसायची, ३१.६ मिमीच्या नळीत. खाली शंकूच्या आकाराच्या गिअरने थेट क्रँकच्या दांड्याला फिरवायची. याहून लपलेलं काही असू शकत नाही. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या झोल्डरला सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत फेम्के व्हान डेन द्रीशच्या सायकलमध्ये लपवलेली मोटर सापडली, तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. पुढच्या काळात सायकल महासंघाने स्पर्धांमध्ये चुंबकीय तपासणी आणि एक्स-रे वापरले. आपल्याला कुणाला फसवायचं नाही, पण त्या रचनेतली अडचण शिकण्यासारखी आहे. सीटट्यूबमधल्या बारीक मोटरला वेग खूप असतो, तो क्रँकच्या वेगावर आणायला मोठी घट लागते, आणि त्या गिअरचा आवाज फ्रेममध्ये घुमतो.

टीक्यू कंपनीची एचपीआर५० मोटर आहे, १.८५ किलो, ५० न्यूटन-मीटर, बीबीमध्ये जवळजवळ दिसत नाही. पण तिला बीबीच्या जागी तिच्याच मापाचा पाया हवा. एक फ्रेम बांधणाऱ्याने त्यात शिरू नये. तुमची हब मोटरच योग्य, फक्त वाइंडिंग (आतल्या तारेची गुंडाळी, मोटरचा वेग तिच्यावर ठरतो) बघून घ्या. हब मोटर चढावर सावकाश फिरली की वीज उष्णतेत जाते आणि आतले नायलॉनचे गिअर तापून मऊ पडतात. २८ इंची चाकाचा घेर २.१ मीटर, म्हणजे ताशी २५ किमीला मिनिटाला २०० फेरे. त्याच्या फार वर जाणारी वेगवान मोटर घेऊ नका. सिंहगडावर तुम्ही १०-१२ च्या वेगाने असाल, तिथे सावकाश वाइंडिंगची मोटर कामाला येते.

---

वऱ्हाडी_पेडल, नागपूर

दोन शंका, भाऊ. एक, आरटीओचं काय? पासिंग लागतं का? दुसरं, आमच्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. लोखंडी नळी, वर काळा रंग, आत बॅटरी. दुपारी ऑफिसबाहेर उभी राहिली तर काय होईन?

---

घाटरस्ता, पुणे

@वऱ्हाडी_पेडल, पहिल्याचं उत्तर मी देतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २ (यू) प्रमाणे पेडलला मदत करणारी सायकल मोटार वाहन धरली जात नाही, जर मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी असेल, वेग वाढेल तशी मदत कमी होत जाऊन ताशी २५ किमीला ती पूर्ण बंद होत असेल, आणि पेडल मारणं थांबवलं की त्याआधीच बंद होत असेल. शिवाय चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, त्याची आपल्याला चिंता नाही. म्हणून मी थ्रॉटल ठेवत नाही. बीबीमध्ये पेडलवरचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर, ६८ मिमीच्या साध्या आट्याच्या शेलमध्ये बसणारा.

दुसऱ्या प्रश्नासाठी @बॅटरीवाली ताईंची वाट बघतोय. त्या पॅक बनवण्याच्या कामात आहेत.

---

बॅटरीवाली, चिंचवड

आले. आधी नागपूरचं.

बहुतेक लिथियम-आयन सेलना चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते, वापरायची ६०. म्हणजे उन्हात तापलेली सायकल चालवून घरी नेता येईल, पण आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही. रात्री, नळी हाताला गार लागल्यावर लावा. पॅकच्या मध्यावर थर्मिस्टर (तापमान मोजणारा) बसवून तो बीएमएसला (पॅकवर नजर ठेवणारं सर्किट) जोडला की हे माणसाच्या आठवणीवर राहत नाही, बीएमएस स्वतः चार्जिंग रोखतो. रंग फिका ठेवा. आणि उन्हाळ्यात पॅक शंभर टक्के भरून दुपारभर उभा करू नका. भरलेला सेल उष्णतेत सगळ्यात लवकर म्हातारा होतो. ऐंशी टक्क्यांवर थांबवलात तर आयुष्य बरंच वाढतं.

आता घाटरस्ता, तुमच्या पॅकबद्दल सरळ बोलते. नळी लोखंडाची आहे. पॅकवरचं प्लास्टिकचं आवरण आतल्या वेल्डच्या काट्यावर रोज घासलं की एक दिवस निकेलची पट्टी उघडी पडणार आणि फ्रेमला टेकणार. ३६ व्होल्टच्या पॅकमधून तेव्हा जो करंट वाहील तो बीएमएसला दिसणारही नाही, कारण बीएमएस पॅकच्या तोंडाशी आहे आणि शॉर्ट मधेच झालाय. म्हणून पॅकला काच-इपॉक्सीचं अर्धा मिमीचं कडक आवरण हवं, त्यावर हीट श्रिंक, आणि दोन टोकांना व मध्ये रबर फोमची कडी. हे सगळं तुमच्या ४८.८ मध्ये बसत नाही. कागदावर बसेल, वेल्डिंगनंतरच्या नळीत नाही.

आणखी एक. दोन-दोनच्या जोड्या तीन रांगांत बसवताना काही जोड्यांमधले सेल एकाच थरात येत नाहीत, एक वरच्या थरात आणि एक खालच्या. पट्ट्या तिरक्या जातात. करता येतं, आम्ही केलंय, पण प्रत्येक तिरकी पट्टी जिथे शेजारच्या सेलच्या कडेवरून जाते तिथे खाली जाड कागद हवाच. सेलची वरची कडा म्हणजे ऋण टोक असतं, हे नवखे लोक विसरतात.

माझी सूचना: १८६५० वापरा. व्यास १८, लांबी ६५, वजन ४८ ग्रॅमच्या आसपास, क्षमता साडेतीन अँपिअर-तास. तीच दहा बाय दोनची रचना, ७ अँपिअर-तास, २५२ वॉट-तास. तिघांचं वर्तुळ ४० मिमी. लांबी पट्ट्यांसकट ४७५. सेलचं वजन ९६० ग्रॅम. तुमच्याच हिशोबाने सिंहगडाला १०० वॉट-तास लागतात. अडीच सिंहगड पुरे नाहीत का?

---

उद्यमनगर_वेल्डर, कोल्हापूर

ताई, तुम्ही एका दगडात तीन पक्षी मारलेत. पॅक ४० चा झाला की नळी पावणेदोन इंची चालते, ४४.४५ मिमी, जाडी ०.८९. आतला व्यास ४२.६. आवरणासकट साडेएकेचाळीसचा पॅक जाईल, एक मिमीच्या वर मोकळीक राहील. आणि ही नळी हेडट्यूबच्या रुंदीची! भावा, तुझा पहिला प्रश्नच मिटला. दोन इंची ठेवली असतीस तर वरचं टोक लाकडी ठोकळ्यांत दाबून अंडाकृती करावं लागलं असतं, ४४ रुंद आणि ५७ उंच. ते जमतं, पण पॅकची वाट अरुंद होते.

व्यास भागिले जाडी पन्नास येतंय. लोखंडात फ्रेम बांधणारे साधारण तिथेच थांबतात. त्याहून पातळ केली तर सायकल स्टँडवर पडली तरी नळीला पोचा. पोचा पडला की तुझा पॅक आत अडकला.

ताठरपणाची काळजी नको. पातळ नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाने आणि जाडीने वाढतो. नेहमीच्या ३४.९ च्या नळीपेक्षा ही सव्वादोन पटीच्या वर ताठ येते. उलट पुढचा काटा कार्बनचा आणि टायर जाड घे, नाहीतर खड्डा सरळ मनगटात येईल.

---

रानवाट, नाशिक

क्रोमोलीच का? अॅल्युमिनिअम एक तृतीयांश वजनाचं आहे ना?

---

उद्यमनगर_वेल्डर, कोल्हापूर

@रानवाट, वजन एक तृतीयांश, पण ताठरपणाही एक तृतीयांश. म्हणून नळ्या जाड आणि मोठ्या घ्याव्या लागतात, तरी शेवटी हलकी होते हे खरं. अडचण पुढे आहे. ६०६१-टी६ वेल्ड केलं की सांध्याजवळ ते टी६ राहत नाही, मऊ पडतं. ताकद परत आणायला अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवायची, वाकडी झालेली सरळ करायची, मग १७५ अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवायची. एका फ्रेमसाठी ही भट्टी कोण लावणार? ४१३० च्या पातळ नळीला टिग (आर्गॉन वायूच्या आडोशातलं) वेल्ड केलं, हवेत सावकाश गार होऊ दिलं, झालं. पंखा मात्र लावायचा नाही.

आता मोटरची वायर आणि ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा दांडा बसतो ती खाचेची प्लेट), दोन्ही एकत्र सांगतो.

हब मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा दांडा तितक्याच जोराने उलटा फिरायला बघतो. ४० न्यूटन-मीटर, आणि दांड्याच्या सपाट बाजू फक्त १० मिमी अंतरावर. म्हणजे ड्रॉपआउटच्या खाचेच्या कडांवर ४,००० न्यूटन, चारशे किलोचा जोर, प्रत्येक चढाला. साधा ड्रॉपआउट हळूहळू उघडतो, दांडा डुलायला लागतो, आणि सगळ्यात आधी वायर तुटते. बाहेरून टॉर्क आर्म (दांड्याला फिरू न देणारी पट्टी) लावायचा नसेल तर ड्रॉपआउटच टॉर्क आर्म कर: सहा-सात मिमीची पोलादी प्लेट लेझरने काप, खाच बरोबर १० ची, दांडा हाताने दाबून बसेल इतकी घट्ट. इथे ढिलेपणा चालत नाही.

वायरचं भोक चेनस्टेच्या वर किंवा खाली पाडू नको. नळी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या रेषेवर असतो. बाजूच्या मधल्या रेषेवर कमी. गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे पक्कं लक्षात ठेव. म्हणून भोक आतल्या बाजूला, चाकाकडे तोंड करून, मधल्या रेषेवर, वेल्डपासून चार बोटं लांब. लांबट अंडाकृती काप, त्याभोवती पितळेने एक छोटी कडी ब्रेझ कर. टिग नको, तिथे उष्णता कमी दिलेली बरी. कनेक्टर भोकाच्या बाहेर, ड्रॉपआउटजवळ ठेव. पंक्चर काढायला चाक निघालं पाहिजे, आणि नऊ पिनांचा कनेक्टर चेनस्टेच्या आतून ओढून काढताना माणूस रस्त्यावर रडकुंडीला येतो.

---

इसारकाठ, म्युनिक

कनेक्टरबद्दल शंभर टक्के सहमत. पावसाचंही सांगतो. पाणी वरून शिरतं, सीटपोस्टच्या फटीतून, आणि बीबीत साचतं. तुमची पॅकची नळी शेलशी आतून जोडलेली नसेल याची खात्री करा. शेलमध्ये सेन्सरच्या वायरपुरतं भोक, त्यात रबरी ग्रोमेट, आणि शेलच्या तळाला पाणी जायला स्वतंत्र छिद्र. लोखंडाच्या आत जवसाच्या उकळलेल्या तेलाचा हात फिरवायची जुनी पद्धत अजून चांगली आहे, पण पॅकच्या नळीत नको. तिथे पातळ इपॉक्सी प्रायमर.

कधी इकडे आणायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो: १६० वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. पॅक खालून निघतो हे तेव्हाही उपयोगी पडेल. सायकल येईल, पॅक तिकडेच राहील.

---

जुनी_रॅले, डोंबिवली

मला अजून बाहेरची बॅटरीच बरी वाटते, पण तुमचं काम मन लावून चाललंय म्हणून एक सुचवतो. चार्जिंगचं भोक खाली बीबीपाशी नको. तिथे पुढच्या चाकाचा सगळा चिखल येतो. सीटट्यूबच्या मागच्या अंगाला, सीटखाली वीतभर अंतरावर ठेवा. मागच्या चाकाचा चिखल तिथेही येईल, पण मडगार्ड लावता येतो. तोंड किंचित खाली वळलेलं असू द्या. घरात सायकल भिंतीला टेकवून उभी केली की वायर सहज पोचेल, वाकायला नको.

---

बॅटरीवाली, चिंचवड

काकांची जागा बरोबर आहे. भोकापासून पॅकपर्यंतच्या वायरला पॅकजवळ फ्यूज लावा. भोकात ओला खिळा जरी गेला तरी फ्यूज उडेल, वायर जळणार नाही.

कंट्रोलर सीटट्यूबमध्ये खाली ठेवा, पॅकच्या नळीत नको. तो गरम होतो आणि सेलना त्याची ऊब नको असते. त्याच्या पाठीला थर्मल पॅड लावून लोखंडाला टेकवा, नळीच त्याचा हीट सिंक होईल. करंट १० अँपिअरवर बांधा. ३६ व्होल्टला ते ३६० वॉट होतात, चढावर क्षणभरासाठी पुरेसे. तीस मिनिटांच्या मर्यादेसाठी सेटिंग त्याहून खाली.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी सगळ्यात आधी विचारायला हवी असं मानते: एखादा सेल बिघडून वायू सोडायला लागला तर तो जाणार कुठे? बंद लोखंडी नळी म्हणजे दाब साठणार. पाणी आत येऊ नये म्हणून तुम्ही दोन्ही टोकं घट्ट बंद कराल, मग ती नळी धोक्याची होते. खालचं टोपण असं हवं की पाण्याला बंद आणि दाबाला सैल. टोपणाच्या मध्यावर पंधरा-वीस मिमीचं भोक पाडून त्यात मऊ सिलिकॉनचा बूच दाबून बसवा. बाहेरून पाण्याने तो हलत नाही, आतून दाब आला की उडतो. तोंड जमिनीकडे आहे, पायाकडे नाही, हे तुमच्या रचनेत आयतंच जमलंय. वरच्या टोकाला, हेडट्यूबकडे, भिंत हवी. पातळ पत्र्याची गोल चकती वेल्ड करा, म्हणजे ज्वाळा हँडलकडे जाणार नाही.

सेल ओळखीच्या कंपनीचे, आयएस १६०४६ चं प्रमाणपत्र असलेले घ्या. जुन्या लॅपटॉपमधले काढलेले सेल या नळीत नकोत.

---

घाटरस्ता, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्र बदललंय, आणि चांगल्यासाठी बदललंय. नवीन आराखडा असा:

खालची नळी ४४.४५, जाडी ०.८९, अखंड, शेलच्या पुढून खाली चार सेंटिमीटर. साडेसहाशे मिमीला ६२० ग्रॅम. आधीच्यापेक्षा नळीत १८० आणि सेलमध्ये ४४० ग्रॅम वाचले. वरच्या टोकाला चकती, खाली टोपण आणि त्यात सिलिकॉनचा बूच. पॅक १८६५० चा, २५२ वॉट-तास. कंट्रोलर सीटट्यूबमध्ये. चार्जिंगचं भोक सीटखाली मागे. ड्रॉपआउट सात मिमी प्लेट, खाच १०.

वजनाचा अंदाज: फ्रेम २.६, कार्बन काटा अर्धा, मोटर २.१, पॅक आवरणासकट १.२, कंट्रोलर-सेन्सर-वायरी ०.४, बाकी चाकं-ब्रेक-गिअर-सीट साडेसहा. एकूण १३.३. मडगार्ड, स्टँड आणि दिवे लावूनही १४ ला बसतंय.

@उद्यमनगर_वेल्डर, भोसरीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये टिग आहे, जिग (नळ्या जागेवर धरणारा साचा) नाही. तुमच्याकडे जिगवर टाक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारून घेतले आणि पूर्ण वेल्ड इकडे केलं तर चालेल का?

---

उद्यमनगर_वेल्डर, कोल्हापूर

टाक मारून इकडून तिकडे न्यायची नाही. प्रवासात टाक तडकतात आणि तुला ते दिसणारही नाहीत. नळ्यांचे टोक तिकडे घासून फिट कर, कागदी टेम्प्लेट नळीला गुंडाळून खूण कर, फटीत ब्लेड जाणार नाही असा सांधा बसला पाहिजे. मग सगळं घेऊन इकडे ये. टाक आणि वेल्ड एकाच जिगवर करू.

येताना एक खोटा पॅक आण. गोल नायलॉनची दांडी, साडेएकेचाळीस व्यासाची, पॅकच्या लांबीची. शेल आणि गसेट वेल्ड करताना नळी त्या जागी आत खेचली जाते, एखाद मिमी सहज. वेल्ड करायच्या आधी दांडी आतून जाते का बघू, प्रत्येक सांध्यानंतर पुन्हा बघू. अडली तर तिथेच आतून रीमर फिरवू. पॅक बनवून झाल्यावर नळी अरुंद निघाली तर काहीच करता येत नाही.

---

बॅटरीवाली, चिंचवड

खोट्या पॅकची लांबी ४७५ धरू नका. वरच्या टोकाला फोम १०, खालच्या टोकाला बीएमएस ६० आणि कनेक्टर वळवायला ३०. दांडी ५७५ ची करा. ६५० च्या नळीत टोपणासाठी जागा उरते. आणि वेल्ड झाल्यावर नळीचा आतला व्यास तीन जागी मोजून मला कळवा: वर, मध्ये, शेलच्या पाठीमागे. बोअर गेज नसेल तर टेलिस्कोपिक गेजही चालेल. सगळ्यात लहान माप येईल त्यातून एक मिमी वजा करून मी आवरणाचा साचा काढते. त्याआधी सेल मागवू नका.